‘तुमच्या हातची कितवी?’

जळगावात भूलतज्ज्ञ म्हणून मी बावीस वर्षं काम करतेय. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी एकीकडे सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री अकराला हायवेवरचा अपघात, असा दिवस जातो. बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. भूलतज्ज्ञाला पेशंट बोलावत नाही, सर्जन बोलावतो. त्यामुळे गावातल्या प्रत्येक सर्जनचा हात आम्हाला ठाऊक असतो. कोणाचा टाका पक्का, रक्त दिसलं की कोणाचा आवाज चढतो, कोण वेळेवर मदत मागतो, सगळं. आणि हे आम्ही कधीच कोणाला सांगत नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून फोन यायचे थांबतात.

मागच्या वर्षी श्रावणात, कानबाईचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले असतील, एका हॉस्पिटलात ऑपरेशनपूर्व तपासणीसाठी एक बाई माझ्यासमोर बसल्या. रावेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. वय ४१, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४७. नऊ वर्षांचा मधुमेह. रात्री घोरता घोरता श्वास थांबायचा, नवरा हलवून जागं करायचा. चौथीच्या वर्गात अर्धा तास उभं राहवत नव्हतं. तीन आहारतज्ज्ञ झाले होते. एकदा १४ किलो उतरलं आणि वर्षभरात १८ परत चढलं. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेलं, वजन उतरवणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शनही काही महिने घेऊन झालं होतं. उलट्या आणि महिन्याचा खर्च, दोन्ही सोसेनात म्हणून थांबवलं. एवढं सगळं करून आलेल्या बाईला घरचे अजून ‘भात कमी कर’ म्हणत होते. अशा लोकांचा मला मनापासून राग येतो.

त्यांची स्लीव्ह ठरली होती. पोटाला पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीनं जठराचा पाऊण भाग कापून काढायचा आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे ठेवायची. विम्याची मंजुरी आली होती. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर वजनाची शस्त्रक्रिया विम्यात बसते. सर्जन ३४ वर्षांचा. चोपड्याकडचा मुलगा. मोठ्या शहरात एक वर्षाची फेलोशिप करून परत आलेला. शिकलेली पोरं मुंबई-पुण्यातून परत येत नाहीत. हा आला, त्याचं मला कौतुक होतं आणि आजही आहे. पित्ताशय तो सुरेख काढतो.

मी मानेचा घेर मोजला, तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. बीपी घ्यायला गेले तर मोठा कफच नाही. हॉस्पिटलनं नवा फोरके कॅमेरा घेतला होता, त्याची बातमी पेपरात आली होती, पण जाड दंडाला बसेल असा काही शे रुपयांचा कफ कोणी आणला नव्हता. लहान कफ ताणून लावला की बीपी खोटं, जास्त दिसतं. टेबल किती किलो पेलतं हे विचारलं तर ओटीतल्या मुलाला सांगता येईना. मीच वाकून खालची पट्टी वाचली.

मी कागद भरत असताना बाईंनी सरळ विचारलं, “मॅडम, हे ऑपरेशन यांच्या हातचं कितवं?”

मला उत्तर माहीत होतं. स्वतःच्या जबाबदारीवर त्यानं तोवर दोन केल्या होत्या, दोन्ही माझ्याच भुलीखाली. तिसरी हीच. मी म्हटलं, “त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?”

“शेकडो बघितलीत म्हणाले.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. फेलोशिपमध्ये त्यानं शंभरावर केसेसना असिस्ट केलं होतं. पण कॅमेरा धरणं वेगळं आणि जठर कापत टाके मारणारा स्टेपलर धरणं वेगळं, हे चौथीच्या बाईंना कोण सांगणार? मी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, “तुमची बहीण असती तर इथंच केलं असतं का?”

मी गप्प राहिले. फार तर चार-पाच सेकंद. शिकवणाऱ्या माणसाला समोरच्याची शांतता वाचता येते.

मग मी बोलले. म्हटलं, बहिणीसाठी मी डॉक्टरांना समोर बसवून विचारलं असतं, की स्वतःच्या हातानं किती केल्यात. शेजारी जाणकार कोण उभा राहणार. आणि ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री दोनला नाडी १२० झाली तर फोन कोण उचलणार, रात्री सीटी स्कॅन होतो का, आयसीयूत कोण असतं. कारण स्लीव्हमधली भीतीची गोष्ट म्हणजे लीक. स्टेपलच्या रेषेतून जठरातलं द्रव पोटात झिरपतं. शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं, पण होतं तेव्हा पेशंट बहुधा घरी गेलेला असतो. ताप नंतर येतो, पोट नंतर दुखतं, आधी नाडी पळते. ती कोणी मोजलीच नाही तर दोन दिवस हातचे जातात.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मले फक्त एवढं सांगा, सून उठीन ना?” नवरा केळीवाला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “नवीन जातीचं रोप आलं तर आम्ही आधी चार ओळी लावतो मॅडम. सगळा बाग लावत नाही. पण ही तर एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारीख रद्द केली. संध्याकाळी सर्जनचा फोन आला. “मॅडम, माझी केस तुम्ही तोडलीत.”

मी नाही म्हटलं नाही. तो बराच बोलला. सगळ्यांनी असंच केलं तर खान्देशात हे ऑपरेशन कधी सुरू होणार? मुंबईच्या मोठ्या सर्जनचीही कधीतरी तिसरी केस होतीच ना? आणि रावेरची बाई मुंबईत ऑपरेशन करून चौथ्या दिवशी रेल्वेनं घरी आली आणि सहाव्या दिवशी लीक झाली, तर ती परत कुठं जाणार? माझ्याच दारात. तेव्हा माझा अनुभव कोणी विचारेल का?

यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, “मग हेच सगळं त्यांना सांग. आकड्यासकट. आणि पहिल्या काही केसेसना वरचा माणूस बोलाव.” त्यानं फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे त्याच्याकडून मला एकही कॉल नव्हता.

त्या तीन आठवड्यांत मी जुने लेख काढून वाचत बसले. जठराच्या बायपासचा, म्हणजे वजनाच्याच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, हात बसायला शंभराच्या आसपास केसेस लागतात, असा आकडा वरचेवर दिसतो. स्लीव्ह त्याहून सोपी समजतात, आणि त्या ‘सोपी’ शब्दानंच घात होतो. पण मनातून जात नाही तो वेगळाच अभ्यास. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. मिशिगनमधल्या २० सर्जननी आपापल्या एका बायपासचा व्हिडिओ दिला, आणि कोणाचा कोणता हे न कळता इतर सर्जननी हातांना गुण दिले. खालच्या गटात गुंतागुंती १४.५ टक्के, वरच्या गटात ५.२. तिथं सगळेच काम करणारे सर्जन होते, नवखे नव्हेत. म्हणजे केसेसचा आकडा विचारणं गरजेचं आहेच, पण हात कसा आहे ते आकड्यातून पूर्ण कळत नाही. आणि हात बघणारे आम्ही, तोंड बंद ठेवणारे.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. त्यानं बाईंना स्वतः फोन करून बोलावलं होतं आणि सगळं सांगितलं होतं. असिस्ट किती, देखरेखीखाली किती, एकट्यानं दोन. पुण्याहून त्याचे फेलोशिपचे सर येऊन शेजारी उभे राहणार होते, त्यांची फी तो स्वतःच्या खिशातून देणार होता. बाई दोन ठिकाणी, एकदा नाशिकला आणि एकदा मुंबईला, जाऊन आल्या होत्या. मुंबईत त्यांना सर्जन चार मिनिटं भेटले होते, बाकी सगळं कोऑर्डिनेटर मुलगी बोलली होती. त्या म्हणाल्या, “यांनी आपणहून दोनच सांगितलं. मी इथंच करते.” हे ऐकून मला आनंद झाला नाही, धास्ती वाटली. एवढ्या विश्वासाचं ओझं आता माझ्याही डोक्यावर होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी सातलाच पोचले. अशा पेशंटचा रॅम्प मी स्वतः रचते. खांद्यांखाली घड्या केलेल्या चादरी, त्यावर उशी, परत चादर, बाजूनं बघितलं की कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत यायला हवी. बोटभर जरी खाली राहिलं तरी घसा नीट दिसत नाही. सडपातळ माणसाला आधी भरपूर ऑक्सिजन दिला तर भूल दिल्यावर श्वासाची नळी घालायला सात-आठ मिनिटं मिळतात. इथं दोन-तीन. पोटाचा भार फुप्फुसांवर असतो, साठा लगेच संपतो. नळी पहिल्या प्रयत्नात गेली. ऑक्सिजन ९७ च्या खाली उतरला नाही. नवा मोठा कफ आणलेला होता, तो दंडाला गुंडाळताना मला फार बरं वाटलं.

स्लीव्हमध्ये भूलतज्ज्ञाचा एक हात सर्जनइतकाच मोलाचा असतो. तोंडातून बूजी, म्हणजे मापाची नळी, मी जठरात घालते, ३८ फ्रेंचची, साधारण पावणेतेरा मिलिमीटर जाड. जठर तिच्या कडेनं कापायचं असतं. पण त्याआधी जठरात घातलेली बारीक रायल्स ट्यूब, तापमानाची वायर, सगळं बाहेर काढायचं. एखादी नळी आत विसरली आणि स्टेपलर तिच्यावर चालला तर ती टाक्यांत अडकते. म्हणून मी मोठ्यानं म्हणते, “रायल्स बाहेर, टेंपरेचर बाहेर, आत फक्त बूजी.” आणि सिस्टरला ते परत म्हणायला लावते.

स्टेपलरची पहिली कार्ट्रिज पायलोरसपासून, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडापासून, पाच सेंटिमीटरवर. तिथं भिंत जाड, म्हणून जाड टाक्याची. जबडा मिटायचा, थांबायचं, भिंतीतलं पाणी पिळून निघू द्यायचं, मगच फायर. त्याची सवय चांगली होती, दर वेळी वीसपर्यंत मोजत होता. दुसरी, तिसरी, चौथी. रेषा सरळ वर जात होती. पुण्याचे सर हात मागे बांधून उभे होते.

पाचवी शेवटची. वरचं टोक, अन्ननलिका जठराला मिळते तिथलं. बहुतेक लीक इथंच होतात. त्यानं स्टेपलर लावला, मिटला आणि मोजायला लागला. सर म्हणाले, “थांब. उघड. एक सेंटिमीटर डावीकडे ये.” त्यानं उघडलं, सरकवला, अन्ननलिकेच्या शेजारची चरबी मागे सोडली, पुन्हा मिटला. वीस मोजले. फायर. लीक तपासायला मी मिथिलीन ब्लू, म्हणजे निळा रंग, आत सोडला. पडद्यावर जठराची नळी निळी होऊन फुगली, बाहेर एक थेंबही आला नाही.

बाई संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये चालल्या. घरी गेल्यावर दहा दिवस नवरा रोज तीनदा नाडी मोजून पाठवत होता, वहीत आखणी करून फोटो. सर्वांत जास्त १०४. सहा महिन्यांनी वजन ८३ किलो, इन्सुलिन बंद, रात्री श्वास थांबत नाही. सासूबाईंनी माझ्यासाठी कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी पाठवली.

आणि तरी ते ‘थांब’ माझ्या कानातून जात नाही. सर नसते तर? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मोजता मोजता मला दिसलंच असतं मॅडम, मी उघडलंच असतं.” आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग बसून पाहिलं, चार वेळा. तो बारापर्यंत मोजतो, तेराला सरांचा आवाज येतो. पुढच्या सात आकड्यांत त्यानं काय केलं असतं, ते व्हिडिओत नाही. त्याचा चेहरा बघताना मला वाटलं की तो खरं बोलतोय. घरी आल्यावर वाटलं, त्याला खरं वाटतंय, एवढंच मला कळलं. बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच तर सर आले होते ना?” त्यांच्या लेखी विषय संपला. माझा संपत नाही, कारण पहिल्या दोन केसेसना पुण्याहून कोणी आलेलं नव्हतं, आणि तेव्हा डोक्याशी मीच उभी होते. मला काहीच खटकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याची सहावी केस तपासणीला आली. चाळीसगावची, २९ वर्षांची. तिनं पॅकेज विचारलं, सुट्टी किती लागेल ते विचारलं, डाग दिसतील का विचारलं. आकडा विचारला नाही. मीच सांगितला. तिनं मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि म्हणाली, “ते पुण्याचे सर या वेळी येणार आहेत का?”

मला माहीत होतं, सरांची तारीख मिळालेली नव्हती. मी उठले, दार उघडलं आणि सर्जनला आत बोलावलं. म्हटलं, “बस. यांना तुला काहीतरी विचारायचंय.”