काळोखातल्या फियॉर्डमध्ये माशांची मोजणी: स्वालबार्ड, जानेवारी

जानेवारीत स्वालबार्डला जाणार असाल तर आधी पासपोर्ट उघडा आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर) किती वेळा प्रवेशाची मुभा आहे ते बघा. स्वालबार्ड हा आर्क्टिकमधला द्वीपसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनमध्ये येत नाही. तिथे उतरायला व्हिसा लागतच नाही, पण वाट जाते ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरून. विमानात बसलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि परतताना दुसऱ्यांदा आत शिरणार. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. आमच्या गटातल्या एका भारतीय मुलाचं येणं याच कारणाने रद्द झालं. बोटीवरची त्याची झोपायची जागा रिकामी गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याची. बाबांचा ट्रॉलर आहे, शिक्षण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झालं आणि आता ट्रोम्सोच्या विद्यापीठात आहे. तिथल्या ‘हेल्मर हान्सन’ या जहाजावर दहा दिवस काम करायची संधी मिळाली. हे जहाज 1988 साली मासेमारीसाठी बांधलं गेलं, नंतर विद्यापीठाने घेतलं. आधी त्याचं नाव ‘यान मायेन’ होतं. 1911 मध्ये आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पाच जणांपैकी एक म्हणजे हेल्मर हान्सन, त्याचं नाव आता जहाजाला आहे. मूळचा ट्रॉलरच असल्यामुळे मागचा उतार, विंच, जाळं ओढायची पद्धत सगळं ओळखीचं वाटलं. फक्त सगळं चौपट मोठं.

लाँगयीअरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावात, उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि आभाळात तारे होते. सूर्य इथे ऑक्टोबरच्या शेवटी जातो तो फेब्रुवारीच्या मध्यावरच उगवतो. गावात हॉटेलच्या दारातच बूट काढायची रीत आहे, कोळसा खाणीच्या दिवसांपासूनची. जाड लोकरी मोज्यांचा एक चांगला जोड वरच्या खिशात ठेवा. गावाच्या हद्दीबाहेर अस्वलांपासून बचावाचं साधन घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, त्यामुळे बोट सुटेपर्यंत गावातच थांबा.

कपड्यांबद्दल इंटरनेटवर भरपूर वाचायला मिळतं, मी एवढंच सांगेन: अंगाला लागून सुती काही घालू नका. आतून लोकर. वरचे तेलकट रेनकोट, पँट आणि गमबूट बोटीवर मिळतात. गमबूट एक नंबर मोठे मागा, दोन मोजे आत मावले पाहिजेत. रबरी हातमोज्यांच्या आत पातळ लोकरी हातमोजे घाला. आणि डोक्याला बांधायची बॅटरी लाल उजेडाची घ्या. लाल का, ते पुढे येईलच.

फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेली समुद्राची खाडी. इसफियॉर्डमधून बाहेर पडेपर्यंत समुद्र शांत होता. प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटाच्या बाहेरच्या अंगाने उत्तरेला वळलो तशी बोट लोळायला लागली. मी बोटीवर वाढलेली, तरी चार तास आडवी होते. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी तासभर घ्या, पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. काम सहा तास, आराम सहा तास अशा पाळीने चालतं. तिसऱ्या दिवसापासून आपण सकाळी जेवतोय की रात्री हे कळेनासं होतं, त्यामुळे पाळी संपली की लगेच झोपायचं. जेवण चांगलं असतं, पण शाकाहारी असाल तर महिनाभर आधी कळवा. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली, कारण ती मी एकटीने खाल्ली नाही.

कोंग्सफियॉर्ड 79 अंश उत्तरेला टेकतो. काठावर न्यू-ऑलेसून हे संशोधकांचं गाव आहे आणि त्यात 2008 पासून आपलं ‘हिमाद्री’ केंद्र. ते चालवते गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्री संशोधन संस्था. याच फियॉर्डच्या पाण्यात 2014 मध्ये 192 मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही भारतीय उपकरणांची माळ सोडली गेली. इथे एक नियम कडक आहे: गावातल्या अँटेना अवकाशातले अगदी क्षीण संकेत टिपतात, म्हणून 20 किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ बंद. फोन विमान मोडवर टाका, घड्याळ आणि वायरलेस इअरफोनही विसरू नका. घरी आधीच सांगून ठेवा की काही दिवस फोन येणार नाही. मी सांगितलं नव्हतं, आणि आई काळजीत राहिली.

या फियॉर्डच्या तोंडाशी उंबरठा, म्हणजे पाण्याखालचा आडवा उंचवटा, नाही. बाहेरून वाहणारा अटलांटिकचा कोमट प्रवाह खोल दरीतून सरळ आत येतो. 2006 च्या हिवाळ्यापासून इथे पूर्वीसारखा बर्फ धरत नाही, आणि पाण्याबरोबर दक्षिणेकडचे मासेही आत आले: अटलांटिक कॉड, हॅडॉक. मूळचा रहिवासी म्हणजे पोलर कॉड, वीतभर लांबीचा, मोठ्या डोळ्यांचा. रक्तात गोठणरोधक प्रथिनं असल्यामुळे तो बर्फाला टेकलेल्या पाण्यातही राहतो. कोण किती आहेत, हेच मोजायला आम्ही आलो होतो.

पहिलं जाळं सुमारे 300 मीटरवर टाकलं. कॅम्पेलन हे कोळंबीचं जाळं, तीन नॉट वेगाने पंधरा मिनिटं ओढायचं. दर वेळी तितकंच, नाहीतर एका ओढीची दुसरीशी तुलना करता येत नाही. खोला (जाळ्याच्या शेवटची पिशवी) वर आला, गाठ सुटली आणि टोपलीत कोळंबी, कॉडची पिल्लं, हॅडॉक, थोडे सेबास्टेस (लाल रंगाचे रेडफिश) आणि अगदी मोजके पोलर कॉड पडले. इथे एक चूक माझ्या हातून झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. बोटाएवढी पिल्लं असली की अटलांटिक कॉड आणि पोलर कॉड सारखेच दिसतात. मी घाईत चौदा मासे चुकीच्या ट्रेमध्ये टाकले. सगळा ट्रे पुन्हा मोजावा लागला. खूण अशी: पोलर कॉडचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि शेपटीला खोल खाच असते. अटलांटिक कॉडचा वरचा जबडा पुढे असतो आणि हनुवटीखाली ठळक मिशी लोंबते. हॅडॉकच्या खांद्यावर अंगठ्याच्या ठशासारखा काळा डाग. मासा उलटा करून हनुवटी बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

मग ओटोलिथ. आपल्याकडे ढोमी किंवा घोळ खाताना डोक्यात पांढरे खडे सापडतात ना, तेच. लहानपणी मी ते काडेपेटीत साठवायचे. डोळ्यांच्या वरून सुरी आडवी घालायची, कवटीचं झाकण उचलायचं, मेंदू बाजूला केला की मागे दोन खळग्यांत दोन खडे बसलेले असतात. पोलर कॉडचे तांदळाच्या कणीपेक्षा थोडे मोठे. चिमट्याने अलगद काढायचे, बोटांत चोळून पडदा पुसायचा आणि कोरडे करून कागदी पाकिटात टाकायचे. त्यात उन्हाळ्याचं रुंद पांढरं कडं आणि हिवाळ्याचं अरुंद गडद कडं अशी जोडी दर वर्षी चढते, ती मोजली की वय कळतं. पाकिटावर पेन्सिलनेच लिहा, ओल्या थंडीत पेन चालत नाही. आणि नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी आतही टाका आणि बाहेरही लावा. पोटं उघडली तर कॉडची बरीच भरलेली होती. महिनोनमहिने सूर्य नाही आणि तरी हे मासे खाताहेत. ध्रुवीय रात्रीत समुद्र झोपलेला असतो, ही जुनी समजूत याच फियॉर्डमधल्या कामाने मोडली.

आता त्या लाल उजेडाकडे येते, कारण या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटलं. जाळ्याबरोबरच आम्ही एकोसाउंडरने मोजतो. बोटीच्या तळातून आवाजाची ठिणगी खाली जाते आणि माशांवरून परत येते. परत येणारा बहुतेक आवाज माशाच्या बोतावरून येतो, म्हणजे ज्या बोतासाठी घोळीला इतका भाव मिळतो त्या हवेच्या पिशवीवरून. मासा आडवा पोहत असेल तर बोताची पाठ आवाजाला नीट लागते. मासा डोकं खाली करून बुडी मारत असेल तर तेवढाच मासा पडद्यावर कमी दिसतो.

एका रात्री कप्तानाने बोटीवरचे सगळे दिवे बंद केले. डेक, खिडक्या, शिडीवरचा दिवा, सगळं. लाल उजेड पाण्यात फार खोल जात नाही, म्हणून एकोसाउंडरच्या पडद्यावर लाल कागद लावून आम्ही बसलो होतो. बोटीखाली इतका वेळ एक रिकामा पट्टा होता, तो हळूहळू भरत गेला. माशांचा थर वर सरकला. पाऊण तासाने डेकचे दिवे लावले, आणि काही क्षणांत थर फाटला. कोणी काही बोललं नाही.

हे आमच्या आधी नीट मोजलं गेलंय. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, याच जहाजावरच्या नेहमीच्या दिव्यांनी मासे आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) 200 मीटर खोलीपर्यंत विचलित होतात, असं दिसलं. ठिकाणागणिक परिणाम वेगळा होता, त्यामुळे ‘इतके टक्के वाढवून धरा’ अशी सोपी दुरुस्तीही करता येत नाही. त्याआधी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, दिवे नसलेली छोटी स्वयंचलित होडी कोंग्सफियॉर्डमध्ये सोडून प्लवकांचं खरं वागणं टिपलं होतं. हे प्राणी पौर्णिमेच्या चांदण्यालाही खोल जातात, मग आमच्या हॅलोजनचं काय घेऊन बसलात! सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून किती मासे पकडायचे याचा कोटा ठरतो. आपण उजेडाने हाकललेले मासे ‘नाहीत’ म्हणून लिहिले, तर तो आकडा कोणाच्या तरी पोटावर येतो. म्हणून ध्रुवीय रात्रीत मोजायला जाणाऱ्या प्रत्येकाने दिव्यांची नोंद ठेवावी असं मला ठाम वाटतं: कोणता दिवा, किती वाजता, चालू की बंद, चंद्र किती वर. आमच्या फॉर्मवर तो रकाना नव्हता, मी वहीत हाताने आखला. जाळं ओढताना डेकवर उजेड लागतोच, तिथे माणसाच्या जिवाशी तडजोड नाही. पण एकोसाउंडरने मोजायच्या फेऱ्या अंधारात घेता येतात.

परतताना दोन दिवस बिलेफियॉर्डला दिले. इथे तोंडाशी जेमतेम 50 मीटरवर उंबरठा आणि आत 190 मीटर खोल खळगा. कोमट पाणी उंबरठ्यावरच अडतं, तळाचं तापमान उणे एकच्या आसपास. तेच जाळं, तीच पंधरा मिनिटं, आणि या वेळी टोपली पोलर कॉडने भरली. तळहातावर घेतलेला मासा इतका गार होता की दोन हातमोज्यांतून बोट दुखलं.

लाँगयीअरब्येनच्या धक्क्यावर फोन चालू केला आणि बाबांना लावला. दिव्यांची गोष्ट सांगितली. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडणाऱ्या बोटींविरुद्ध ते वर्षानुवर्षं बोलताहेत, 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली तरी रात्री क्षितिज उजळलेलं दिसतं म्हणून.

“अगो बाय, आमच्याकडे उजेडाला मासळी येते, तुझ्याकडे पळते?”

“जातीवर आहे बाबा. आणि पाण्यावरही.”

“मग आमच्याकडे मोजायला येतात ते दिवे लावून येतात की बंद करून?”

मला उत्तर माहीत नव्हतं. दहा दिवसांची वही आणि 412 पाकिटं घेऊन विमानतळावर गेले. तिथे एक शेवटची सूचना: ओटोलिथची पाकिटं सामानात टाकू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. वर विद्यापीठाचं पत्र ठेवा, तपासणीत ते लगेच दाखवता येतं.