पेटीवाल्याचा अल्बम

आमच्या बेळगावात 'पण' म्हणायचं असेल तर 'खरं' म्हणतात. "येतो म्हणालेला, खरं आला नाही" असं. त्यामुळं चार बेळगावकर हमरीतुमरीवर आलेले असले आणि पुण्या-मुंबईचा कुणी बाजूनं जात असला तर त्याला वाटतं काय समंजस माणसं आहेत, प्रत्येकजण समोरच्याला आधी "खरं" म्हणतोय आणि मगच स्वतःचं बोलतोय. प्रत्यक्षात तिथं गचांडी धरायचीच बाकी राहिलेली असते.

गेल्या रविवारी दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या चहाच्या गाडीवर आम्ही चौघं असंच खरं-खरं करत उभे होतो. वयं सगळ्यांची पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, एकाची शुगर वाढलेली, एकाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, ताडपत्रीवरून पाणी बरोबर माझ्या कॉलरमध्ये पडत होतं आणि वाद कसला, तर लेड झेपलिन ह्या इंग्लंडच्या रॉक बँडचा १९७९ सालचा 'इन थ्रू द आउट डोअर' हा अल्बम भारी की टाकाऊ. गेली पंचवीस-तीस वर्षं हाच वाद चाललाय, आणि माझं म्हणणं एकच, तो अंडररेटेड आहे, त्याला मिळायला पाहिजे तेवढा मान मिळाला नाही. घरच्यांना वाटतं आम्ही प्लॉटच्या भानगडी बोलायला जमतो.

आमच्यातला खानापूरवाला कट्टर गिटारवाला. त्याच्या मते झेपलिन म्हणजे जिमी पेज, आणि जिमी पेज म्हणजे गिटार, बाकीचे बसायला आलेले. तो त्या दिवशी पण तेच. "गिटार कुठाय गा ह्यात? सगळी पेटीच वाजूलालीय की."

पेटी म्हणजे आपली हार्मोनियम, खरं त्याच्या लेखी कीबोर्ड पण पेटीच. तसं बघितलं तर त्याचं म्हणणं चूक नाहीच. हा अल्बम स्वीडनमध्ये स्टॉकहोमला रेकॉर्ड झाला, आबा नावाच्या बँडच्या पोलर स्टुडिओत, १९७८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. सोमवारी विमानानं जायचं, काम करायचं, आठवडा संपला की घरी परत, असं तीनेक आठवडे. त्यात पेज आणि ड्रमवाला जॉन बॉनहॅम ह्या दोघांच्या सवयी तेव्हा फारच बिघडलेल्या, एकाची नशा एक, दुसऱ्याची दुसरी, ते स्टुडिओत उगवायचे रात्री कधीतरी. वेळेवर येऊन बसायचे ते दोघेच, गाणारा रॉबर्ट प्लांट आणि जॉन पॉल जोन्स. जोन्स बँडमध्ये बास वाजवायचा आणि लागेल तेव्हा कीबोर्ड. त्यानं तेव्हा यामाहाचं एक मोठ्ठं नवं सिंथेसायझर घेतलेलं, ते त्यानं लावलं आणि दोघांनी बसून गाणी बांधायला घेतली. त्यामुळं ह्या अल्बमवरच्या सात गाण्यांपैकी दोन अशी आहेत की ज्यांच्या रचनेत पेजचं नावच नाही, आणि झेपलिनच्या स्वतःच्या गाण्यांत असं त्याआधी कधी झालेलंच नव्हतं. मालक उशिरा येतोय म्हटल्यावर दुकान मुनिमानं उघडलं.

बँकवाला म्हणाला, "खरं, अंडररेटेड कुठनं आला हा? इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडं एक नंबरला गेलेला."

हे पण बरोबर. नुसता एक नंबर नाही, ह्याच्या नादानं लोक झेपलिनचे जुने अल्बम पण परत विकत घ्यायला लागले आणि १९७९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचे सगळेच्या सगळे नऊ अल्बम एकदम अमेरिकेच्या खपाच्या यादीत होते. पण विकलं गेलं म्हणजे मानलं गेलं असं थोडंच आहे. तेव्हा रांगा लावून घेतला आणि नंतर गप्पा मारताना कुणी नाव काढत नाही, लग्नातल्या त्या एका काकांसारखं, की ज्यांनी रात्रभर जागून मांडवाचं सगळं बघितलेलं असतं आणि फोटोत कुठंच नसतात.

शिवाय घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते दिसतच नव्हतं. एका बारमधला एकच प्रसंग, एक माणूस कागद जाळतोय, आणि तो सहा वेगवेगळ्या जागांवरून बघितलेला, अशी सहा वेगळी कव्हरं काढलेली, आणि वरून सगळ्याला खाकी कागदाची पिशवी. फोडल्याशिवाय कुठलं कव्हर आलं ते कळायचं नाही. मॅनेजर पीटर ग्रँट म्हणे म्हणायचा की खाकी पिशवीत घालून ठेवलं तरी खपेल, ते त्यांनी खरंच करून बघितलं. आणि आतलं पाकीट होतं काळं-पांढरं, ते ओल्या ब्रशनं पुसलं की त्यात रंग उमटायचे. आमच्याकडच्या पावसात तर पिशवीसकट आपोआप रंगलं असतं.

आम्ही ह्यातलं काही बघितलेलं नाही हे सांगून टाकतो. आम्हाला हा अल्बम भेटला तो साठच्या कॅसेटवर. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पुण्याला शिकायला होता, तिथं कुणाच्यातरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. भरणाऱ्यानं जागा वाया जाऊ नये म्हणून गाणी सलग लावली, त्यामुळं पहिली चार गाणी वीस मिनिटांत झाली आणि पाचवं 'कॅरूसेलाम्ब्रा', जे साडेदहा मिनिटांचं आहे, ते शेवटाला पोचता पोचता टॉक्. बाजू संपली. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ते गाणं असंच आहे, माणूस जिना चढत असतानाच लाईट जावी तसं. नंतर पूर्ण ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, जरा निराशाच झाली.

दुसऱ्या बाजूला राहिलेली दोन गाणी, 'ऑल माय लव्ह' आणि 'आय अ‍ॅम गॉना क्रॉल', मिळून साडेअकरा मिनिटं. म्हणजे अठरा-साडेअठरा मिनिटांची टेप कोरी. आणि कोरी टेप आमच्या अप्पांना बघवायची नाही. ते स्वतः पेटी वाजवायचे, म्हणजे पोटासाठी नाही, पोटासाठी रविवार पेठेत हिशेब लिहायचे, पण भजनाला, कीर्तनाला, कुणाच्या बैठकीला पेटी लागली की निरोप यायचा. तर त्यांनी धारवाड रेडिओवर लागलेली पेटीवरची भैरवी त्या राहिलेल्या जागेत भरून टाकली. मी कॅसेट लावली की प्लांटचं रडून-ओरडून व्हायचं, एक खर्रर्र आवाज यायचा, आणि भैरवी सुरू. दोन्हीच्या मध्ये निवेदिकेचं अर्धं कन्नड वाक्य पण होतं. मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. एकाच घरात राहणारे दोन भाडेकरू असावेत तसं ते होतं.

आता बेळगाव आणि पेटी हे बाहेरच्याला सांगायला लागतं. पेटीला चांगल्या चांगल्यांनी नावं ठेवलीत. तिचे स्वर आधीच कापून ठेवलेले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं म्हटलं तर जमत नाही, मींड नाही, स्वरांच्या मधल्या बारीक श्रुती नाहीत, वर आणि परदेशी. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं ते १९७१ पर्यंत. खरं (हे आमचं खरं), आमच्या गावात तिला कुणी घराबाहेर काढलं नाही. पंडित रामभाऊ विजापुरे, २०१० साली गेले, ते इथलेच, मोठमोठ्या गवयांना साथ केली आणि गल्लीबोळातली पोरं शिकवून तयार केली. त्यामुळं आमच्याकडं गाण्याला गेलेला माणूस गवयाकडं बघता बघता एक डोळा त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या पेटीवाल्यावर ठेवतो. अप्पा सांगायचे, साथ करणाऱ्यानं पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही, गवई श्वास घेतो तेवढ्या फटीत आपलं घर बांधायचं आणि तो परत आला की मोडून टाकायचं.

म्हणून खानापूरवाला जेव्हा "सगळी पेटीच वाजूलालीय" असं शिवी दिल्यासारखं म्हणतो ना, तेव्हा मला आतून बरं वाटतं. अरे तेच तर! हा पेटीवाल्याचा अल्बम आहे. दहा वर्षं डाव्या हाताला बसलेल्या माणसाला एकदाच मध्ये बसायला मिळालं, ते पण दुसरे वेळेवर आले नाहीत म्हणून, आणि त्यानं उगीच आलापी करत न बसता सगळ्यांना सामावून घेतलं. सुरुवातीचं 'इन द इव्हनिंग' बघा, पहिलं मिनिटभर नुसता खर्ज घुमतोय, कुणीतरी तंबोरे लावत बसल्यासारखा. आता तो आवाज पेजनंच गिटारमधून काढलाय हे मला माहिती आहे आणि ते मी खानापूरवाल्याला कधीही सांगणार नाही.

'ऑल माय लव्ह' बद्दल तर बोलायलाच नको. प्लांटचा मुलगा पाच वर्षांचा, १९७७ मध्ये आजारानं गेला, त्याच्यासाठीचं ते गाणं. त्यात जोन्स मध्ये जे वाजवतो ते बरोबर अप्पांच्या व्याख्येतलं आहे, गाणारा श्वास घ्यायला थांबलाय आणि तेवढ्यात ह्यानं घर बांधलंय. पेजला हे गाणं फारसं रुचलेलं नव्हतं आणि पुढचा अल्बम दणदणीत गिटारचा करायचा असं त्याचं आणि बॉनहॅमचं ठरलेलं होतं. पुढचा झालाच नाही. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनहॅम गेला आणि त्यांनी बँड बंद केला.

हे आलं की दरवेळी सगळे जरा गप्प होतात. त्या दिवशी पण झाले. मग ताशावाला बोलला. हा गणपतीत ताशा वाजवतो, इंग्रजी त्याला फारसं येत नाही आणि त्याची त्याला गरज पण नाही. तो म्हणाला, "ह्यातल्या 'फूल इन द रेन' मधी बॉनहॅमचा डावा हात ऐक. जोराचं सगळ्यास्नी ऐकू येतंय. मधलं हळू हळू जे टाकलंय, ते वाजवायला येतंय काय बघ कुणाला." आणि चहाच्या गाडीच्या पत्र्यावर दोन बोटांनी त्यानं ते वाजवून दाखवलं, जमलं म्हणजे साधारण जमलं, मधला तो शिट्टीचा सांबा, म्हणजे ब्राझीलच्या नाचाचा ठेका, आला तेव्हा चहावाल्यानं पत्रा सोडा म्हणून सांगितलं.

त्या गाण्यात एक माणूस पावसात ठरलेल्या जागी पोरीची वाट बघतोय, ती येत नाही, हा भिजतोय, चिडतोय, आणि शेवटी कळतं की हाच चुकीच्या कोपऱ्यावर उभा आहे. ह्याच्याएवढं टिळकवाडीचं, म्हणजे आमच्या ह्या भागाचं, गाणं दुसरं नाही. आमच्याकडं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आणि नुसतं "गेटजवळ ये" म्हणून मोबाईल नसायच्या काळात किती संसार उभे राहता राहता राहिले असतील. बँकवाला एकदा दीड तास पहिल्या गेटला उभा होता. ती दुसऱ्या गेटला. पुढं लग्न झालं त्यांचं, नाही असं नाही, पण तो दीड तास अजून मिटलेला नाही.

बँकवाल्यानं विषय बदलायला जोन्सची बाजू घेतली. म्हणजे त्याला वाटलं तो माझी बाजू घेतोय. त्यानं १९९४ चं काढलं. पेज आणि प्लांट परत एकत्र आले, टीव्हीसाठी कार्यक्रम केला, अल्बम काढला, आणि जोन्सला बोलावलंच नाही. त्यात अल्बमचं नाव काय ठेवलं, तर 'नो क्वार्टर', म्हणजे जोन्स कीबोर्डवर ज्यासाठी ओळखला जातो नेमकं ते गाणं. घरच्या कार्याचं आमंत्रण नाही, वर मांडवाला त्याचंच नाव. पुढच्या वर्षी अमेरिकेत अख्ख्या झेपलिनचा सत्कार झाला तेव्हा जोन्सनं स्टेजवरून, मित्रांनो, शेवटी माझा फोन नंबर आठवला हे बरं झालं, अशा अर्थाचा टोला हाणला आणि खाली बसला. पेटीवाल्यांचं असंच असतं, बोलले तर एकदाच बोलतात.

"खरं," खानापूरवाला म्हणाला, आणि त्याच्या पुढचं मिरजेकडून आलेल्या गाडीनं ऐकू दिलं नाही. अख्खी गाडी जाईपर्यंत तो बोलतच होता. हात दिसत होते, ओठ दिसत होते. गेट उघडलं, अडकलेल्या दुचाक्या एकदम सुटल्या, कुणाच्यातरी पँटवर चिखल उडाला आणि वाद तिथंच राहिला.

निघताना खानापूरवाला हेल्मेट घालता घालता थांबला. "ती कॅसेट हाय काय गा अजून? दादाची."

असेल म्हटलं. डेक गेलाय, त्याचा पट्टा वितळून डिंकासारखा झालाय. तुला कशाला, मोबाईलवर सगळा अल्बम आहे की, झेपलिन काय मिळत नाही काय.

"झेपलिनचं कोण इचारतंय. मागचं ते. अप्पांनी भरलेलं."

घरी आलो, ओले कपडे बदलले, माळ्यावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. कॅसेट होती. कव्हरच्या कडेला अप्पांचं हिशेबाच्या वहीतलं ठसठशीत अक्षर, शाई फुटलेली, तरी वाचता येत होतं: इंग्रजी गाणी. शेवटी भैरवी आहे. पुसू नये.