नोझलची टीप कापली तेव्हा

डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरचं, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाचं, नवं नोझल आमच्या टीमचं लाडकं होतं. भोकं निमुळती: आतून थोडी रुंद, बाहेरच्या तोंडाशी 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आतल्या कडा घासणारे कण मिसळलेला द्राव प्रेशरने ढकलून गोल केलेल्या. त्यामुळे भोकात शिरताना डिझेलचा प्रवाह भिंतीपासून सुटत नाही, वाफेचे बुडबुडे होत नाहीत आणि तेवढ्याच प्रेशरला फवारा जास्त जोराने जातो. धुराचे आकडे इतके छान आले की उत्सर्जनवाल्यांनी कधी नव्हे ते स्वतःहून फोन केला.

मग एंड्युरन्स टेस्ट, म्हणजे इंजिन सलग खूप वेळ चालवून बघायची चाचणी, लागली आणि पॉवर उतरू लागली. एकदम नाही, सावकाश.

फिल्टर बदलला, टर्बो तपासला, पंपावर संशय घेऊन झाला. पॉवर पडली की नोझलकडे बोट सगळ्यात शेवटी जातं, कारण मग इंजेक्टर उतरवावे लागतात! पण त्या दिवशी सकाळी रीडिंग समोर मांडून बसलो तर फारसं काही उरतच नव्हतं. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब, 1600 बारला स्थिर, इंजेक्शनचा वेळ तोच, तरी फ्युएल मीटरवर डिझेल कमी. म्हणजे वाटच अरुंद झालेली.

इंजेक्टर उतरवले. प्रवाह मोजायच्या फ्लो बेंचवर तो कमी भरला. एका नोझलची टीप भोकाच्या मध्यातून कापून घेतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. भिंतीवर तपकिरी काळसर थर, वार्निश चढवल्यासारखा. जाडी जेमतेम 2 मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही, पण थर दोन्ही बाजूंनी बसतो: 120 चं 116 होतं आणि क्षेत्रफळ साडेसहा टक्क्यांनी घटतं.

शेजारी जुनं, सरळ भोकाचं नोझल कापून ठेवलं. त्याची वरची कड बुडबुड्यांनी कुरतडलेली, पण भिंत चकचकीत. ज्या कॅव्हिटेशनला (वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याला) आम्ही शिव्या घालत होतो, तेच फुटता फुटता भिंत घासून काढत होतं. नव्या डिझाइनमध्ये घासणारंच कोणी उरलं नव्हतं.

थर आला कुठून, याचं उत्तर रासायनिक तपासणीने दिलं: त्यात जस्त होतं. डिझेलमध्ये दहा लाख भागांत एक भाग जस्त विरघळलं तरी असे थर धरतात. मुद्दाम तेवढं जस्त घालून नोझल किती चोंदतात ते बघायची प्रमाणित चाचणीसुद्धा आहे. आमच्या टेस्ट सेलच्या, म्हणजे इंजिन तपासायच्या खोलीच्या, डिझेल लाइनमध्ये एक जोड जस्ताचा मुलामा दिलेला निघाला.

जोड बदलून मोकळं व्हावं, असं काहींचं म्हणणं पडलं. मला ते पटेना. टेस्ट सेलची लाइन आपल्या ताब्यात आहे, गिऱ्हाइकाची टाकी नाही. शेवटी जोड तर बदललाच, शिवाय थोडं कॅव्हिटेशन परत यावं म्हणून भोकांचा निमुळतेपणा कमी केला आणि कडांची गोलाई थोडी आवरली. धूर जरासा वाढला. उत्सर्जनवाल्यांनी पुन्हा फोन केला, या वेळी भांडायला.