हिरडीलगतची पांढरी रेघ

लेक सव्वा वर्षाची होती. आंघोळीनंतर अंग पुसताना ती खिदळली, मान मागे टाकली, आणि वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. दूध असेल म्हणून बोटाने पुसली. गेली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुधाचेच दात, पडणारच आहेत." नवऱ्याने रात्री मोबाइलच्या उजेडात पाहिलं आणि त्याला काहीच दिसलं नाही. ओल्या दातावर ती रेघ सहसा लपते, कोरडा केला की उमटते, हे नंतर कळलं. आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हेही.

पहिल्या डेंटिस्टनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. रात्रीचं अंगावर पाजणं आजपासून बंद. कसं बंद करायचं, ते काही सांगितलं नाही. तीन रात्री प्रयत्न केला. तिसऱ्या रात्री तीन वाजता ती रडत होती, मी रडत होते, शेवटी पाजलं आणि दोघी झोपलो. सकाळी वाटलं, मीच हिचे दात किडवतेय.

दुसरीकडे गेलो ते लहान मुलांच्या डेंटिस्टकडे. त्यांनी मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. लेकीचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं त्यांच्या मांडीवर. ती किंचाळली. "रडू दे, तोंड तरी उघडलं," म्हणत त्यांनी कापसाने दात कोरडे केले, वरचा ओठ उचलून पाहिलं, आणि मग मला प्रश्न विचारत बसल्या. दिवसभरात किती वेळा काय खाते? बिस्किटं? रस? झोपताना खोकल्याचं औषध? ब्रश कधी?

ब्रश सकाळी, तोही घाईत. औषध मात्र रोज झोपताना, आणि ते गोड.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत असं. दातावरच्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दातातली खनिजं विरघळवतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, खनिजं परतही करते, पण झोपेत लाळ अगदी कमी होते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते, लाळही तिथेच साचते, म्हणून ते बरेच वाचतात आणि वरचे आधी सापडतात. आईच्या दुधातही साखर असते, पण एकट्या दुधाचा दोष कमी. बिस्किटाचा लगदा चिकटलेले दात आणि त्यावर रात्रभर थोडं थोडं दूध, ही जोडी वाईट. वर्षानंतर रात्री वारंवार पाजलं तर धोका वाढतो, हे त्यांनी लपवलं नाही. पण पांढरी रेघ म्हणजे खनिजं गेलीत, खड्डा अजून पडलेला नाही. इथून दात परत फिरू शकतो.

मग फ्लोराइड वार्निश, म्हणजे गेलेली खनिजं दातात परत बसायला मदत करणारा लेप, लावला. पिवळसर, चिकट, लाळ लागताच बसणारा. तो दर तीन महिन्यांनी लावायचं ठरलं. घरी १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, दोन वेळा. तिला थुंकता येत नाही म्हणूनच एवढीशी. तेवढी गिळली तरी चालते. औषध ब्रशच्या आधी. रात्रीच्या ब्रशनंतर पाणी आणि माझं दूध, बाकी काही नाही.

सांगायला सोपं. पहिल्या आठवड्यात तिने माझं बोट दोनदा असं चावलं की वळ उठले. समोरून ब्रश करणं जमतच नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन, मागून वाकून, बोटाने ओठ वर करून, हिरडीलगत छोटे गोल फिरवायचे. एक ब्रश तिच्या हातात, चावायला. गाणं रोज तेच, संपलं की ब्रशही संपला. गाण्याचं कडवं चोरलेलं तिला लगेच कळायचं. पंधरा-वीस दिवसांनी रडणं कुरकुरीवर आलं.

रात्री पाजून झाल्यावर ओल्या फडक्याने दात पुसूनही पाहिले. ती टक्क जागी झाली आणि तासभर खेळली. ते मी सोडून दिलं. त्याऐवजी पाजायच्या वेळा कमी केल्या. पहिल्यांदा उठली की नवरा जायचा, थोपटायचा. तिला ते मान्य नव्हतं, त्यालाही फारसं नव्हतं. महिनाभरात पाच वेळांचं दोनवर आलं. डोळा लागला की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात सरकवून तिला सोडवायला मी शिकले. आधी ती तोंडात धरूनच झोपायची.

माझ्याही एका दाढेत कीड होती, ती भरून घेतली. माझा चमचा तिच्या तोंडात घालणं बंद केलं, कारण जंतू बहुधा घरातूनच येतात.

आता ती सव्वादोन वर्षांची आहे. एका दातावरची रेघ चकचकीत, कडक झालीय. दुसऱ्यावर तपकिरी ठिपका आलाय. डॉक्टर म्हणतात, पसरत नाही तोवर भरायचं नाही, लक्ष ठेवायचं. दर रविवारी मी तो दात कापसाने कोरडा करून पाहते. आणि पहाटे एकदा ती अजून पिते.