सिको ६३०९-७०४० अपडेट: केसची प्रेशर टेस्ट पास, काट्यांना नवीन ल्युम, डायल मूळचाच

मागच्या वेळी सगळं उघडून ठेवलं होतं तिथून पुढचं सांगतो. नवीन मंडळींसाठी थोडक्यात, हे मामांचं टर्टल (या सिको घड्याळाचं टोपणनाव), नोकरीला आखातात होते तेव्हा घेतलेलं, झाकणावरचा सिरीयल ३७ ने सुरू होतो म्हणजे जुलै १९८३ (पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा; हे मॉडेल १९७६ ते १९८८ बनलं त्यामुळे पहिला आकडा ३ असेल तर ८३ च, ६-७-८ असेल तरच दोन शक्यता). मशीनची सर्व्हिस झाली, ताशी २१,६०० ठोक्यांवर छान चालतंय, त्यावर जास्त लिहीत नाही. खरं काम ल्युम (काट्या-डायलवरचा अंधारात चमकणारा रंग) आणि आत शिरणारं पाणी, आणि माझ्या मते ही दोन वेगळी कामं नाहीतच.

डायल लूपखाली (भिंगाखाली) नीट बघितला तर ४ च्या टिपक्याला काळपट कड आलेली, शेजारचे ३ आणि ५ थोडे मळलेले आणि पलीकडे ९-१० एकदम स्वच्छ, एकसारखे पिवळट. या घड्याळाची चावी ४ वरच असते. म्हणजे ओल कुठून आत आली ते डायलनेच सांगितलं. काट्यांचं ल्युम तर चिमटा लागताच भुगा होऊन पडत होतं. हा जुना झिंक सल्फाइडवाला ल्युम, वय झालं की चमक जाते हे खरंच, पण असा काळा पडून भुसभुशीत होतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे. त्यामुळे आधी केस (घड्याळाची बॉडी), मग ल्युम, हाच क्रम ठेवला. नवीन ल्युमसुद्धा स्ट्राँशियम अल्युमिनेटचं असतं आणि त्याला पाणी अजिबात चालत नाही, गळक्या केसमध्ये ते भरणं म्हणजे मेहनत वाया.

केसमधून मशीन, डायल सगळं बाहेर, रिकामी केस अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुतली. झाकणाचं गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) जिथे बसतं त्या खाचेत जुनं रबर डांबर होऊन चिकटलं होतं, ते टूथपिकने काढलं, स्टीलचं काही वापरू नका तिथे, एक ओरखडा पडला की पाण्याला वाट झाली. खाली दोन बारीक खड्डे निघाले पण ते गॅस्केटच्या रेषेच्या बाहेर आहेत म्हणून तसेच ठेवले. काचेखालचं आणि झाकणाचं गॅस्केट नवीन, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. चावीतलं गॅस्केट वॉशरखाली दडलेलं असतं म्हणून बरेच जण ते बदलतच नाहीत, झाकणाचं तेवढं बदलून मोकळे होतात.

टेस्ट नेहमी रिकाम्या केसवरच करायची. आणि बेझल (काचेभोवतीची फिरती कडी) काढून ठेवायचं, त्याच्याखाली हवा अडकते आणि तेच बुडबुडे बघून उगाच घाबरायला होतं. माझा टेस्टर ६ बारचा (बार म्हणजे दाबाचं माप) आहे, केस वर हवेत लटकलेली असताना ३ बार भरलं, थोडा वेळ थांबलो, मग केस पाण्यात उतरवून हळूहळू प्रेशर सोडलं. केस गळकी असेल तर आत शिरलेली हवा आता बाहेर यायला लागते. काच कोरडी, झाकण कोरडं, आणि चावीच्या बुडातून बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ, थांबायचं नाव नाही. नेमकी ४ ची जागा! बुडबुडे दिसले की प्रेशर आणखी न सोडता केस आधी पाण्याबाहेर घ्यायची, नाहीतर पाणी आत खेचलं जातं. चावीतलं गॅस्केट नवीन होतं पण जाडीला कमी पडत होतं, थोडं जाड बसवल्यावर चावी फिरवताना हाताला फरक कळतो, आणि नंतरच्या टेस्टला एक बुडबुडा नाही. त्या क्षणी जो आनंद झाला तो इथल्या लोकांना सांगायला नको.

आता ल्युम. काट्यांचं जुनं सगळं काढून नवीन ल्युमची पावडर आणि बाइंडर (ती धरून ठेवणारा चिकट द्रव) साधारण समान मापात घेतलं, काकवीसारखं दाट झालं पाहिजे, काटा उलटा ठेवून मागच्या बाजूने ऑइलरने (तेल लावायच्या बारीक सुईने) काट्यातल्या मोकळ्या खिडकीवरून ओढत न्यायचं, ते आपोआप ताणून बसतं. मागे थर जाड झाला तर काटे एकमेकांना घासतात, तेवढं सांभाळा. डायलच्या रंगाशी जुळावं म्हणून पिवळट-तपकिरी रंग मिसळला, त्याने चमक कमी होते, पण पांढरेफटक काटे आणि मधाळ डायल हे मला बघवत नाही.

डायलला मात्र नवीन ल्युम भरलं नाही. ४ च्या टिपक्याची कड सुटत होती तिथे पातळ बाइंडरचा थेंब सोडून पक्की केली, बस. टॉर्च मारला की काटे रात्रभर दिसतात, डायल काही मिनिटांत विझतो, आणि मला ते चालतं. बाजारात रंगवलेल्या डायलची ६३०९ वाट्टेल तेवढी मिळतात, मूळ डायल कमीच. आणि कोणाकडे साठच्या आधीचं रेडियमवालं असेल तर घरी खरवडू नका प्लीज, चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नसतं, त्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षांचं आहे, ती धूळ श्वासात जाता कामा नये.

सगळं जोडल्यावर घड्याळ ४०-४५ डिग्रीपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला, आतून धुकं नाही. मामांनी लगेच विचारलं, पोहायला घातलं तर चालेल का रे? मी म्हटलं मामा, पावसात बिनधास्त घाला, विहिरीत उतरताना काढून ठेवा. डायलवर १५० मीटर लिहिलंय पण ते १५ बार झालं, माझ्याकडे तेवढं तपासायची सोय नाही, आणि स्टील चाळीस वर्षांचं आहे. गॅस्केट दरवर्षी पावसाळ्याआधी बघायची असं ठरलंय.

बेझलच्या १२ वरचा टिपका तेवढा राहिलाय, तो पूर्ण पडलेला आहे. रंग काट्यांचाच वापरणार, पण तो उघड्यावर असतो म्हणून वरून क्लिअरचा थर द्यावा लागेल, कोणी यूव्ही रेझिन वापरून बघितलं असेल तर पिवळं पडतं का ते सांगा.