मार्थाने निरोप पाठवला होता

बाळंतपणाच्या खोलीत "अजून थांबा" म्हणायचं काम सहसा माझं. पहिलटकरीण असली की घरची माणसं चार तासांत धीर सोडतात. "सिस्टर, पोर किती कळा सोसतेय, सिझर करून टाका की!" मग मी पार्टोग्राफचा, म्हणजे बाळंतपण किती पुढे सरकलं ते दाखवणाऱ्या आलेखाचा, कागद पुढे धरते. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की त्यावर नोंदी सुरू होतात. तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाची एक तिरकी रेघ त्यावर छापलेलीच असते. नोंद त्या रेघेच्या डावीकडे असेल, तर वाट पाहायची. उजवीकडे सरकली तर कान टवकारायचे. आणखी उजवीकडे, चार तासांच्या अंतरावर दुसरी रेघ असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत काय करायचं ते ठरलेलं असावं लागतं. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सिस्टर नुसती बसून आहे.

मी मूळची वसईची, नोकरी सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या बाजूला. रात्री सिझर होईल अशी सोय आमच्याकडे नव्हती. भूलतज्ज्ञ लागला तर सावंतवाडी गाठायची. त्याहून अवघड काही असलं तर ओरोस, नाहीतर बांदा-पत्रादेवी ओलांडून थेट गोव्याचं बांबोळी. इथल्या माणसाला हा क्रम पाठ असतो.

डिसेंबर होता, आम्हा ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे. त्या रविवारी चर्चमध्ये तिसरी, गुलाबी मेणबत्ती लागली होती. दुपारी एक ख्रिस्ती बाई कळा घेऊन आली. वय चौतिशीच्या पुढे, लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिलेले. नवरा शिपवर. सोबत सासू, हातात तेर्साची, म्हणजे जपाची, माळ. सासू ती नऊ वर्षं दर साल ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जुन्या गोव्याला जात होती, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाशी. हे तिने मला आल्या आल्याच सांगितलं, केसपेपरवर लिहून घ्यावं अशा थाटात.

संध्याकाळपर्यंत सगळं रेघेच्या डावीकडे होतं. आठनंतर तोंड उघडायचं थांबलं. कळा जोरात, पण डोकं खाली येईना. नोंद पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली. मग पिशवी फुटली आणि पाणी हिरवट आलं. म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली. डॉप्लर लावला तर कळ ओसरल्यावरही ठोके शंभराच्या खालीच रेंगाळत होते. तिला डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन जोडलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून सावंतवाडीला फोन केला, तिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही आहेत याची खात्री करून घेतली आणि १०८ला कळवायला सांगितलं.

सासू दारात उभी राहिली. "देवाचो टायम येवंदे, सगळा बरा जातला."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. तिचा आवाज जराही चढला नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांना कसं हाताळायचं ते आम्हाला ठाऊक असतं. ती म्हणाली, "नव वर्सां रवलंव, आता चार तास रवाक काय जाता?" मग बायबलमधल्या सारेचं, अब्राहामाच्या बायकोचं, उदाहरण निघालं. साराला नव्वदीत इसहाक झाला, अब्राहाम शंभराचा होता. मधे धीर सुटला म्हणून दासी हागारकडून अब्राहामाला इश्माएल झाला आणि घरात भांडण लागलं. माणसाने हात घातला की असं होतं, असं तिचं म्हणणं.

तिला अडाणी म्हणणं सोपं होतं. एका कर्मचाऱ्याने मागून म्हटलंसुद्धा. पण नऊ वर्षं ती सुनेला टोचून बोलली नव्हती, मुलाला दुसरं लग्न कर म्हणाली नव्हती. तिच्या धीराची मला किंमत होती. देवाची वेळ या शब्दांवर माझाही विश्वास आहे. फक्त एका ठिकाणी मी ते उच्चारत नाही. मूल हाती लागलं नाही अशा आईच्या खाटेपाशी बरेच जण येऊन नेमकं हेच बोलतात. मी तिथे पाणी देते आणि बसते.

मी सासूला म्हटलं, "मावशी, बायबलमधल्या मार्थाचा भाऊ लाजर आजारी पडला तेव्हा तिने काय केलं?"

"देवाची वाट बघली."

"त्याआधी?"

ती गप्प.

"आधी निरोप धाडला. दोघी बहिणींनी येशूकडे माणूस पाठवला, तुझा मित्र आजारी आहे म्हणून. येशू दोन दिवस आहे तिथेच राहिला, पोचला तेव्हा लाजरला कबरेत चार दिवस झाले होते. उशीर त्याने केला, त्याचं तो जाणे. मार्थाने केला नाही. ती म्हणाली नाही की देवाला कळेलच, निरोप कशाला! सावंतवाडीला गाडी पाठवणं म्हणजे निरोप पाठवणं. बाकी त्याच्या हातात."

ती पटकन पटल्यासारखी मान हलवील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माळेचा मणी पुढे सरकला, एवढंच. मग मला जे आधीच करायचं होतं ते मी केलं. आत जाऊन सुनेपाशी वाकले. एवढा वेळ तिच्या डोक्यावरून सगळे बोलत होते. बाई सज्ञान होती, शुद्धीवर होती, सही तिचीच पुरते. मी तिला सगळं सांगितलं, ठोक्यांचा आकडाही सांगितला. तिने विचारलं, "बाळ आता आहे ना?" आहे म्हटल्यावर तिने सलाइनच्या हाताने सही केली, वेडीवाकडी, आणि दाराकडे बघून म्हणाली, "मांय, तू तेर्स गाडीत म्हण."

सासू गाडीत सर्वांच्या आधी चढली.

रस्त्यात मी डॉप्लर काढलाच नाही पोटावरून. सासूची माळ चालू होती, माझी बोटं तिच्या सुनेच्या पोटावर होती, आणि ड्रायव्हर प्रत्येक वळणावर मागे बघत होता. त्याला मी दोनदा ओरडले. सावंतवाडीला टेबल तयार होतं. मुलगी झाली. रडायला वेळ लागला, नळीने घसा साफ करावा लागला, मग काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली. मान बाळाची तिरकी होती, म्हणून डोकं उतरत नव्हतं. आणखी किती थांबलो असतो तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

नाताळ उलटल्यावर सासूचा फोन आला. आधी "देव बरें करूं" म्हणून आभार झाले, बारशाचं, म्हणजे बाप्तिस्म्याचं, आमंत्रण झालं. मग म्हणाली, सगळं देवाच्या टायमावर झालं बघ. मी म्हटलं, हो मावशी, आणि १०८च्या पण. ती हसली. जरा थांबून म्हणाली, तिने फादरना विचारून बायबलमधला तो भाग वाचून घेतला होता, योहान अकरा. मार्थाने निरोप पाठवला हे खरं आहे. "पण बाये, निरोप मेळून पण तो दोन दिस रवलोच मगो? तेचा काय?"

मी म्हटलं, ते मलाही फादरनाच विचारावं लागेल. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. कुणाचे तरी घरचे विचारत होते, किती वेळ अजून, सिझर का करत नाही.