आरसीवर पांढरी, दारात लाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान म्हटल्यावर "स्वस्तात बसवा की मिस्त्री" हे वाक्य रोज कानावर पडतं. जुनी गाडी घेऊन येणाऱ्याचं गणित चुकीचंही नसतं. गाडी विकायला काढली तर साठ-सत्तर हजार येणार, तिच्या रंगाला पस्तीस हजार कोण घालणार? त्यामुळं अशा गिऱ्हाइकाला मी परत पाठवत नाही. फक्त गाडी नीट बघेपर्यंत तोंडातून आकडा काढत नाही.

2024 च्या एप्रिलमध्ये एक मारुती 800 आली. मालक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, शेजारच्या सीटवर काकू. गाडी 2004 ची, लाल. टपावर आणि बॉनेटवर तो लाल उन्हानं पार गुलाबी पडलेला, आणि दारांच्या खालच्या कडेला फोड आलेले.

"अठरा हजार. वर एक रुपया न्हाई," काकांनी तिकीट फाडून हातात दिल्यासारखं सांगून टाकलं. "आणि मे महिन्यात आरसी संपतीय. पासिंगला जायच्या आधी जरा चकचकीत दिसाय पायजे."

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करून घ्यायचं. ह्या गाडीचं एकदा 2019 च्या मे महिन्यात झालेलं. ह्या कामाची फी आधी सहाशे रुपये होती, 2022 च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे काकांच्या खिशाला आधीच चाट बसलेली. अठराचा आकडा कुठून आला ते मला कळलं.

जुन्या गाडीवर मी आधी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे फ्रिजवर लावायचा साधा लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवतो. पत्रा असेल तिथं तो धरतो, जाड लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तिथं घसरून खाली पडतो. टपाला, बॉनेटला, डिकीला त्यानं छान धरलं. दारांच्या खालच्या पट्ट्यात आणि डाव्या रनिंग बोर्डाला, म्हणजे दारांखालच्या पत्र्याला, मात्र नुसता घसरला. दुसरं म्हणजे चिंधीला थिनर लावून एका कोपऱ्यात घासायचं. कंपनीच्या भट्टीत भाजलेला रंग थिनरला दाद देत नाही. इथं दोन हात मारले आणि चिंधी लालभडक. एनसी पेंट, म्हणजे रंगांतला सगळ्यात स्वस्त आणि पटकन वाळणारा. त्याच्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा टिकाऊ रंग, मारला तर पीयूचं थिनर खालच्या एनसीला उचलतं, स्प्रे गन ठेवायच्या आत अंगभर सुरकुत्या येतात. तेव्हा हा लाल उतरवल्याशिवाय पुढं काही करता येणार नव्हतं.

मग दार उघडलं. बिजागरीच्या बाजूला पांढरा. बॉनेटच्या आत पांढरा. डिकीत स्टेपनीखाली पांढरा. दाराच्या रबरावर तेवढे लाल रंगाचे शिंतोडे, कारण मास्किंग करायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

"काका, आरसी दाखवा बरं."

त्यांनी पाकिटातनं कार्ड काढून दिलं. रंगाच्या रकान्यात व्हाइट.

काकू आधी बोलल्या. "मी तवाच म्हणलो होतो, आतनं वेगळी हाय गाडी म्हणून. तर म्हणाले, फॅशन असती."

गाडीचा रंग बदलला की आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद घ्यावी लागते. ती नसेल तर पासिंगला हरकत निघणार. काकांनी गाडी 2020 च्या सुरुवातीला एका एजंटाकडून घेतलेली, लालच घेतलेली. म्हणजे 2019 च्या मे महिन्यात आरटीओला पांढरी दाखवलेली गाडी सहा-आठ महिन्यांत लाल झाली होती. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला त्या मधल्या महिन्यांत काय झालं ते सांगायला लागत नाही. तरी मी काही बोललो नाही. हेल्परला म्हटलं, डाव्या दाराचं पॅड काढ.

पॅड निघालं, मागचा प्लॅस्टिकचा कागद निघाला आणि आत काच फिरवायच्या हँडलच्या उंचीवर एक आडवी मातकट रेघ दिसली. रेघेच्या वर पत्रा पांढरा, खाली काळपट करडा. दाराच्या तळाला बोटभर जाडीचा गाळ, वाळून भेगा पडलेला, त्यात गवताच्या काड्या. स्क्रू-ड्रायव्हरनं उकरला तर ढपला निघाला आणि त्याच्याबरोबर पत्र्याचा तुकडा. बाहेरच्या बाजूनं नुसता फोड दिसत होता, आतनं दार कागदाएवढं राहिलं होतं.

पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात घरांबरोबर पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. पूर ओसरल्यावर त्यातल्या बऱ्याच विम्याच्या हिशेबात टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, निघाल्या. काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. ही त्यांतलीच. वरनं लाल मारायचं कारणही उघड होतं. गाळाचे डाग आणि नवे पॅच पांढऱ्यावर दिसले असते.

काका बराच वेळ त्या रेघेकडं बघत होते. मग म्हणाले, "तरीच. घेतल्यापास्नं सेल्फ जातोय, लाइट बंद पडत्यात. वायरमन म्हणायचा पाणी लागलंय, मी म्हणायचो पावसाचं असंल."

एजंटाला दोन शिव्या घालून झाल्या. पण गाडी आता त्यांची होती आणि आरसी महिन्याभरात संपणार होती.

इथं मी त्यांना जे सांगितलं ते ऐकून त्यांचा विश्वास बसेना. म्हटलं, लाल करायची असेल तर तीस हजारांच्या खाली मला जमणार नाही. पांढरी करायची असेल तर बावीसपर्यंत बसवतो, ते पण पत्रा बदलून.

"रंगाच्या डब्यात एवढा फरक?"

फरक डब्यात नसतोच. मारुती 800 एवढ्या गाडीला सॉलिड पांढरा अडीच लिटरच्या आसपास लागतो. खरा खर्च मजुरीचा. रंग बदलायचा म्हटलं की दारांच्या आतल्या कडा, बॉनेटची आतली बाजू, डिकी, सगळं रंगवायला हवं, त्यासाठी दारं खोलावी लागतात. कंपनीचाच रंग परत मारायचा तर आतला सगळा भाग आयता तयार. शिवाय सॉलिड पांढऱ्याला वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, लागत नाही, तो मेटॅलिकला लागतो. पुढं कुठं घासली तर तेवढाच भाग मारता येतो, शेड जुळवायचा त्रास नाही. लाल उन्हात उडतो, त्याचा पुरावा टपावर होताच. आणि आरसीत काही बदल करायला नको.

काकू नाराज. "लाल बघून तर घेतलेली." पण आठ हजारांचा फरक ऐकल्यावर त्याही गप्प झाल्या.

अठरा आणि बावीस ह्यांच्यातली दरी काकांनी स्वतः भरून काढली. लाइट, बंपर, आरसे, बीडिंग आम्ही खोलून दिलं आणि लाल उतरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ते तसं सोपं होतं, कारण आधीच्या माणसानं पांढऱ्यावर घासकाम न करताच लाल मारला होता. पत्तीनं कड उचलली की वीतभर लांब पापुद्रे निघायचे. राहिलेलं थिनरच्या चिंधीनं. काका स्टूल टाकून बसायचे, नाकाला माझा जुना फिल्टरचा मास्क, आणि मास्कमधनंच गगनबावड्याच्या मुक्कामी गाडीच्या गोष्टी सांगायचे. निम्म्या कळायच्या नाहीत. खालचा कंपनीचा पांढरा टपावर, बॉनेटवर आणि डिकीवर ठणठणीत निघाला. तिथं लांबीचा एक हात लागला नाही, 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं की प्रायमरला तयार.

वाचलेले पैसे गेले खालच्या पत्र्यात. डावा रनिंग बोर्ड आणि दोन दारांच्या खालच्या पट्ट्या कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं बसवला. पुराच्या गाडीत गंज आतून येतो तो असा: दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती गाळानं बुजतात, मग प्रत्येक पावसाचं पाणी दारातच साठतं. भोकं तारेनं मोकळी केली, आतनं अँटीरस्ट मारलं. हे काम गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, म्हणून स्वस्तातल्या रंगात सगळ्यात आधी हेच गाळलं जातं. माझ्या मते चार हजार कमी असतील तर टप तसाच ठेवावा, पण हे सोडू नये.

लांबी पातळ ठेवली, कोरडीच घासली. लांबी पाणी पिते आणि ते पाणी मग रंगाखाली फोड होऊन वर येतं. आमच्याकडं बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, नाही. पडदे सोडायचे, फरशी ओली करून धूळ बसवायची आणि सकाळी लवकर गन हातात घ्यायची. एप्रिलच्या दुपारी थिनर हवेतच उडतं, रंग पत्र्यावर पसरायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. शिवाय दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. त्या दिवशी दुसरा हात संपवून मी मास्क काढला आणि तासाभरात लाइट गेली. चारच्या सुमाराला धुळीचा लोट उद्यमनगराच्या गल्लीतनं असा घुसला की पडदे धरून उभं राहावं लागलं. रंग तोवर हात लावण्याइतका सुकला होता म्हणून वाचलो. बॉनेटवर तीन-चार कण बसले ते नंतर 2000 च्या पेपरनं आणि बफिंगनं काढले.

पासिंग झालं. इन्स्पेक्टरनं चॅसी नंबर बघितला, आरसी बघितली, रंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मी काकांना रंगाची गॅरंटी दिली होती, डाव्या मागच्या दाराची मात्र नाही. तिथला जुना पत्रा जेवढा ठेवता आला तेवढा ठेवला होता. दोन पावसाळे काढंल, पुढं बघू, असं आधीच सांगितलेलं. दिवाळीच्या आधी गाडी परत आली. त्याच दाराच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फोड. पाण्याचं भोक पानांनी बुजलेलं. मोकळं केलं, घासलं, उरलेल्या डब्यातला रंग मारला.

"ह्याचं किती?"

"तीनशे."

"दीडशे घ्या. निम्मी गाडी मीच घासलीया."

दोनशेवर तुटलं.